चोपन्न तासांनंतरचा ईस्टर

कांद्याची साल नीट वाळली की कागदासारखी वाजते. मी ती एका जुन्या लांब मोज्यात भरते आणि पलंगाखाली ठेवते.

*

तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं आहेत आणि मधल्या पॅसेजमध्ये छत्र्या ठेवायचं एक पितळी स्टँड. त्यात छत्री कुणीच ठेवत नाही.

*

एल्दाआजी पत्त्यांत फसवतात. एक्का बाहीत दडवतात. बाही मीच धुते, त्यामुळे एक्का कुठे आहे हे मला नेहमी ठाऊक असतं.

*

देवाचा मुलगा वर्षातून दोनदा मेलेल्यातून उठतो. एकदा इटालियन लोकांसाठी, आणि मग सवडीनं आमच्यासाठी.

*

रेन्झो बस डेपोत आहे. जादा तासांच्या पैशांसाठी त्याच्या डेपोनं गेल्या वर्षी तीनदा संप केला. तिन्ही वेळा मी त्याच्या आईला धीर दिला, की आजी, मुलगा जिंकेल. तिन्ही वेळा जिंकला.

*

सांभाळणाऱ्या बाईचा आठवडा चोपन्न तासांचा असतो, असं करारात लिहिलंय. चोपन्नानंतरचा तास जास्त महाग, रविवारचा त्याहून महाग. करार छान आहे. फक्त तो आमच्या घरी कधी आलेला नाही.

*

आता नीट सांगते.

मी झिनाइदा. घरात सगळे झीना म्हणतात, कारण पूर्ण नाव घ्यायला वेळ लागतो आणि तोवर आजींना पाणी हवं असतं. मोल्दोव्हाहून आले, इटलीतल्या पादोव्हात एल्दाआजींकडे राहते आणि त्यांना सांभाळते. उठवणं, अंघोळ, गोळ्या, सूप, पत्ते, रडणं, पुन्हा सूप. रेन्झो हा त्यांचा एकुलता एक मुलगा आणि कागदावर माझा मालक. समोरच्या दाराआड ओत्तोरिनो मास्तर राहतात. आयुष्यभर शाळेत शिकवलं, आता कुणी शिकायला नाही म्हणून रेडिओच्या चुका काढतात. त्यांना नानुली सांभाळते. ती जॉर्जियाची, माझ्यापेक्षा लहान, आणि तोंडानं माझ्यापेक्षा मोठी.

आजी आणि मास्तर एकमेकांशी बोलत नाहीत. कारण ते स्टँड. ते कुणाच्या बाजूला सरकवायचं यावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये कधीकाळी मतदान झालं होतं. निकाल बरोबरीत सुटला. तेव्हापासून स्टँड मधोमध आणि अबोला दोन्हीकडे.

मला हवं होतं ते एवढंच. आमच्या ईस्टरच्या रविवारी सकाळी, टोपलीत लाल अंडी आणि पास्का, म्हणजे गोड चीज घातलेला सणाचा पाव, घेऊन, आपल्या माणसांत चर्चसमोरच्या रांगेत उभं राहायचं. पाद्री झाडूसारखा ब्रश बादलीत बुडवून टोपल्यांवर पाणी उडवतो, ते तोंडावर घ्यायचं. हात रिकामे. खिशात कुणाची गोळ्यांची डबी नाही. तीन वर्षं हे जमलं नव्हतं. पहिल्या वर्षी आजींचा खुबा मोडला. दुसऱ्या वर्षी रेन्झो सायकलवरून पडला. तिसऱ्या वर्षी कुणीच पडलं नाही, तर रेन्झो म्हणाला, "यंदा सगळे बरे आहेत, तर मोडता कशाला घालतेस?"

*

गुरुवारी दुपारी आम्हाला सुटी असते. सांभाळणाऱ्या सगळ्या बाया बागेतल्या बाकांवर बसतात आणि आपापल्या म्हाताऱ्यांबद्दल बोलतात. म्हणजे सुटी असते पण विषयाला नसते. तिथं एकदा दोरिना भेटली. आमच्याच गावाकडची. कामगारांना सल्ला देणाऱ्या कचेरीत खिडकीवर बसते.

"झीनाताई, शनिवारी दुपारनंतर कोण असतं आजींजवळ?"

"मी."

"आणि रविवारी?"

"मीच. रेन्झोसाहेब जेवायला येतात ना सहकुटुंब. मग वाढायला कुणी नको?"

"मग तुझे तास चोपन्नाच्या केव्हाच पुढे गेले."

"गेले असतील बाई. मी काय त्यांच्या मागे धावू?"

"तू नको धावूस. त्यांना सांग. ते धावतील."

मी सांगितलं. पैशांसाठी नव्हे. मला वाटलं, तासांची आठवण करून दिली तर माणूस घाबरून एक रविवार देईल. रेन्झो घाबरला नाही. त्यानं विचार केला, आणि ते जास्त वाईट.

*

रेन्झोनं विचार करून काढलेले शब्दार्थ, जसे त्यानं मला सूप पिता पिता सांगितले:

बसणे. काम नाही. "तू बसलेली असतेस, आई बसलेली असते. मग आईलाही पगार द्यायचा का?"

झोपणे. काम नाही, अर्थात. दार उघडं ठेवून, एक कान जागा ठेवून झोपणे हा प्रकार शब्दकोशात नाही.

जेवणे. उपकार.

पत्ते खेळणे. करमणूक. हे म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की करमणुकीचं तिकीट मीच काढायला हवं.

फिरायला नेणे. दोघींनाही हवा लागते. हवा फुकट.

घरची. हा शब्द सगळ्यात शेवटी आला आणि त्यासाठी त्यानं चमचा खाली ठेवला. "झीना, तू काय परकी आहेस? तू घरचीच." घरचीला तास नसतात. घरचीला सण मात्र घरचेच असतात, आपले नसतात. मी मान हलवली. नोकरी गेली की पलंगही जातो, आणि पलंगाखालचा मोजाही.

*

पण रेन्झोच्या मनात दोरिनाची खिडकी राहिली असावी. कारण महिन्याभरानं तो समोरच्या दाराशी उभा दिसला. मास्तरांची मुलगी लोरेदाना हिच्याशी बोलत होता. आईबापांचा अबोला, पण मुलांचं काम अडलेलं. लोरेदाना एका वकिलाकडे कागद टाइप करते आणि त्यामुळे तिला कायदा येतो असं तिला वाटतं.

"चोपन्न तास कुणाचे?" लोरेदाना विचारत होती.

"बाईचे," रेन्झो म्हणाला.

"चूक. मालकाचे. एका मालकाकडे चोपन्न. दुसऱ्या मालकाकडे घड्याळ शून्यावर."

रेन्झो स्टँडला टेकला. त्या स्टँडला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काही उपयोग झाला.

तह झाला तो असा. कलम एक, शनिवारी दुपारी जेवणाची भांडी घासून झाली की झीनानं पॅसेज ओलांडून मास्तरांकडे जायचं आणि नानुलीनं आजींकडे यायचं. कलम दोन, सोमवारी सकाळी परत. कलम तीन लोरेदानानं वाचून दाखवलं पण मास्तरांचा रेडिओ मोठा होता. कलम चार, यात कुणाचाही ओव्हरटाइम होत नाही, कारण प्रत्येक बाई दुसऱ्या घरात नवीन आहे.

"आणि रविवारची सुटी?" मी विचारलं.

"आहे की," लोरेदाना म्हणाली. "रविवारी तुला एल्दाआजींपासून पूर्ण सुटी."

"आणि मास्तरांपासून?"

"मास्तरांकडे तू रविवारचीच आहेस. रविवारच्या बाईला रविवारी सुटी कशी देणार?"

नानुली माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ताई, ही बाई टाइपिंगच करते ना? वकील झाली असती तर आपण जन्मालाच आलो नसतो."

मी लगेच हो म्हटलं नाही. रेन्झोनं ते ओळखलं. बस डेपोतला माणूस, वाटाघाटी कळतात. त्यानं छातीवर हात ठेवला.

"ईस्टरला दोघींना अख्खा दिवस सुटी. शब्द देतो."

मग मात्र मी हो म्हटलं. नानुलीनंही. तिचाही ईस्टर तोच, आमचाच. त्या दिवसापासून मी कांद्याची सालं जास्त जपून काढायला लागले.

*

पहिला शनिवार.

मास्तरांनी मला वही आणि पेन्सिल दिली. "इतकी वर्षं इथं आहेस आणि लिहिता येत नाही? बस. मी सांगतो, तू लिही."

मी रविवारीही लिहिलं. त्या रविवारी मास्तरांनी राज्यघटनेतलं एक वाक्य घातलं, ते त्यांना तोंडपाठ होतं. कामगाराला आठवड्याच्या सुटीचा हक्क आहे आणि तो हक्क त्याला सोडून देता येत नाही. मी लिहिलं. त्यांनी चष्मा लावून तपासलं आणि दोन चुका काढल्या. दोन्ही शुद्धलेखनाच्या.

"छान वाक्य आहे," मी म्हटलं.

"इटालियन भाषेत क्रियापद असं शेवटी ठोकून बसवायला ताकद लागते," मास्तर म्हणाले. "पुढचं लिही."

तिकडे भिंतीपलीकडून आजींची काठी वाजत होती. नानुलीनं अंघोळीचं पाणी काढलं तर गरम, मग गार. सुपात अक्रोड घातले तर आजींनी ते एकेक करून बशीच्या कडेला मांडले, पुराव्यासारखे.

"माझी बाई कुठाय?"

"मीच तुमची बाई, आजी. सोमवारपर्यंत."

"तू त्या माणसाची बाई आहेस. तुझ्या अंगाला त्याच्या पाइपचा वास येतो."

मास्तरांनाही माझी कॉफी पटेना. त्यांनी श्रवणयंत्र काढून टेबलावर ठेवलं. ते खरं ऐकायचं नसलं की असं करतात.

दुसऱ्या शनिवारी आजी पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसल्या. घरात नानुली आहे म्हणून. थोड्या वेळानं समोरचं दार उघडून मास्तरही बाहेर येऊन बसले. घरात मी आहे म्हणून. मध्ये स्टँड. मग आम्ही दोघी काय करणार, आम्हीही स्टुलं घेऊन बाहेर आलो. तिथं बसलं की मी आजींना पाणी देऊ शकत होते आणि नानुली मास्तरांना कॉफी. कलम एक मोडत नव्हतं, कारण पॅसेज सोसायटीचा. तिथं कुणी कुणाकडे कामाला नव्हतं. कागद पाहिला तर चार माणसं सहज जिन्यात बसली होती.

शनिवार-रविवार मग तसेच जायचे.

"त्या माणसाला सांग, पाइप विझव," आजी मला म्हणायच्या.

"त्या बाईला सांग, शहरात हवा मोफत आहे, तिनं दुसरी घ्यावी," मास्तर नानुलीला.

आम्ही निरोप पोचवायचो. अंतर एका छत्रीचं.

*

ईस्टर आला. त्यांचा.

रविवारी सकाळी रेन्झो कबुतराच्या आकाराचा केक घेऊन आला. वर साखर आणि बदाम. तो माझ्या हातात देऊन म्हणाला, "जा. आज तुझा दिवस. दिलेला शब्द पाळतो मी."

"आज?"

"ईस्टर आहे ना."

"तुमचा आहे, साहेब. आमचा पुढच्या महिन्यात. आमचं पंचांग जुनं."

रेन्झोनं केककडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. आपण एवढा केक आणला आणि देवानं तारीख चुकवली, असं.

"झीना, तो एकदाच उठला ना गं?"

"एकदाच. पण आम्हाला बातमी उशिरा कळते."

"हे बघ, घरी आज बायको, मुलं, सासू, सगळी येणार. आईला बघायला दहा माणसं. तुझी गरजच नाही. म्हणून तर आज सुटी."

"आज मला चर्च बंद आहे, साहेब. म्हणजे उघडं आहे, पण आत आमचा देव अजून मेलेलाही नाही."

समोरच्या दारात लोरेदाना नानुलीला तसलाच केक देत होती. तिनं आमचं ऐकलं आणि मध्ये आली.

"दोन ईस्टर म्हणजे एक जास्तीचा," ती म्हणाली. "जास्तीचं काही द्यायचं नाही, यासाठीच तर आपण तह केला."

त्या दिवशी नानुलीनं आणि मी बागेत बाकावर बसून दोन कबुतरं खाल्ली. बाग रिकामी होती. आमच्या सगळ्या बाया कामावर होत्या, कारण त्यांच्या मालकांना आमचं पंचांग ठाऊक होतं आणि आमच्या मालकांना नव्हतं.

"आपण नशीबवान," नानुली म्हणाली. "आपल्याला सुटी मिळाली."

*

मग मी पुन्हा विचारलं. साधं, हात पुसत.

आमच्या ईस्टरच्या रविवारी रेन्झोच्या बायकोच्या भाचीचा चर्चमधला पहिला प्रसाद होता, गावाबाहेर, मोठं जेवण. लोरेदाना समुद्रावर जाणार होती, कारण ती दमली होती. म्हणजे त्या रविवारी दोघींशिवाय भागणारच नव्हतं.

"फक्त सकाळ," मी म्हटलं.

"सकाळी आईजवळ कोण बसेल?"

"बसणं काम नाही ना साहेब. कुणीही बसेल."

"तू बदललीस झीना," तो म्हणाला. "पूर्वी तू घरची होतीस."

*

शनिवारी मी आजींच्या स्वयंपाकघरात अंडी रंगवली. सालं उकळली की पाणी आधी चहासारखं होतं, मग विटेसारखं, मग अंडी आत सोडायची. आजी खुर्चीतून बघत होत्या.

"काय करतेस?"

"ईस्टर."

"तो झाला."

"तुमचा झाला."

"मग उद्या जाणार तू?"

"नाही. उद्या मी मास्तरांकडे आहे. आणि नानुली तुमच्याकडे. कागदावर तसं आहे."

"आणि ही अंडी?"

"पॅसेजमध्ये खाऊ."

एक अंडं उचलून आजींनी गालाला लावून पाहिलं, गरम होतं म्हणून असेल.

रविवारी सकाळी नेहमीसारखी चार माणसं आणि एक स्टँड. माझी टोपली माझ्या पायाशी, नानुलीची तिच्या. तिनं अंडी कसल्याशा मुळाच्या रंगात रंगवली होती, माझ्यापेक्षा लाल. त्यावरून आमची थोडी खडाजंगी झाली.

"चर्च कुठलं तुमचं?" आजींनी विचारलं.

"कालव्यापलीकडचं छोटं. दोन सुरूची झाडं आहेत ते."

"ते तर बंद पडलं. माणसंच येईनात म्हणून."

"आम्हाला दिलं. आम्ही येतो."

आजींनी काठी जमिनीवर टेकवली. "माझं लग्न तिथं झालं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "कोट आण. तो नाही, चांगला."

"आजी, साहेब रागावतील."

"फिरायला नेणं काम आहे का?"

"साहेब म्हणतात, नाही."

"मग ने."

नानुलीनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "मी देव मानत नाही."

"त्या माणसाला सांग," आजी मला म्हणाल्या, "की मग त्यानं इथंच बसावं. एकट्यानं. छत्र्या सांभाळत."

मास्तर कोट आणायला उठले.

*

बस क्रमांक काय होता ते महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे की आजींची चाकाची खुर्ची मी ढकलत होते, मास्तर नानुलीच्या दंडाला धरून चालत होते, आणि बस चालवणारा माणूस रेन्झोच्या डेपोतला होता. त्यानं खुर्चीसाठी फळी खाली सोडली, आजींना हात जोडल्यासारखं काही केलं, आणि पुढच्या सिग्नलला रेन्झोला फोन लावला. त्याला वाटलं, मित्राच्या आईची चौकशी करावी. तीही फुकटच.

*

रांग चर्चभोवती वळून कालव्यापर्यंत गेली होती. जमिनीवर दोन्ही बाजूंना टोपल्या, प्रत्येकीत पेटलेली मेणबत्ती. निम्म्या बायांना मी बागेतल्या बाकांवरून ओळखत होते, पण आज त्या कुणाच्याच म्हाताऱ्याबद्दल बोलत नव्हत्या. दोरिना डोक्याला रुमाल बांधून माझ्या पुढेच उभी होती. मला हात रिकामे हवे होते. खुर्चीच्या दोन मुठी हातात होत्या. मी मुठी सोडल्या, चाकाला अडकण लावली, आणि तेवढ्यापुरते हात रिकामे झाले.

पाद्री आला. ब्रशनं पाणी उडवलं. टोपल्यांवर, माझ्यावर, आजींच्या चांगल्या कोटावर. मास्तरांच्या चष्म्यावर सगळ्यात जास्त.

"नळ दुरुस्त करायला हवा," मास्तर म्हणाले. पण चष्मा पुसला नाही.

मग सुरूच्या झाडाखाली आम्ही बसलो. आमच्याकडे अंड्यावर अंडं आपटतात. ज्याचं फुटलं तो हरला. आजींना नियम सांगितला आणि त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी पत्त्यांत पाहिली होती.

आजींनी नानुलीचं अंडं फोडलं. माझं फोडलं. दोरिनाचं फोडलं. मग मास्तरांपुढे हात केला. थेट. निरोप्याशिवाय.

"चला, मास्तर."

मास्तरांचं अंडं पहिल्या फटक्याला गेलं. त्यांनी श्रवणयंत्र नीट बसवलं आणि आजींच्या मुठीकडे पाहिलं.

"मूठ उघडा, एल्दा."

"कशाला?"

"चाळीस वर्षं मुलांच्या मुठी उघडल्यात मी."

आजींनी मूठ उघडली. मोजे रफू करताना आत घालतात ते लाकडी अंडं, कांद्याच्या पाण्यात रंगवलेलं. शनिवारी माझी पाठ फिरल्यावर त्यांनी पातेल्यात टाकलं असणार. मास्तर इतके हसले की नानुलीला त्यांची पाठ चोळावी लागली.

तेवढ्यात रेन्झो आला.

जेवणावरून उठून आला होता. कोटाच्या खिशातून साखरेच्या बदामांची जाळीची पुरचुंडी डोकावत होती.

"आई कुठे आहे?"

"मी इथंच आहे. डोळे कुठे आहेत तुझे?"

"झीना, हे काय आहे? कामावर असताना तू माझ्या आईला घेऊन गावभर फिरतेस?"

दोरिना पास्का खात होती. तिनं घास गिळला, बोटं पुसली आणि खिडकीवरच्या आवाजात विचारलं, "कुणाच्या कामावर?"

"म्हणजे?"

"रविवारी झीनाताई मास्तरांकडे कामाला असतात ना? तुमच्याच कागदाप्रमाणे. मग तुमच्या आईंची खुर्ची त्या ढकलत असतील, तर त्या तुमच्याकडे कामाला आहेत. चोपन्न तासांनंतर. रविवारी."

रेन्झोचा हात खिशातल्या बदामांवर गेला. "ही सोबत आहे. काम नाही."

"बरं. काम नाही. मग तुम्ही ओरडताय कुणावर?"

"ती घरचीच आहे, म्हणून ओरडतो."

"घरच्या माणसानं सणाला आईला चर्चमध्ये नेलं, तर चुकलं कुठे?"

रेन्झोनं आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. बाया खायच्या थांबल्या होत्या. शंभरेक सांभाळणाऱ्या बाया, प्रत्येकीच्या डोक्याला रुमाल, प्रत्येकीच्या मनात आपापला रेन्झो. डेपोच्या दाराशी संपाच्या दिवशी अशीच गर्दी असते, आणि तो गर्दीच्या कोणत्या बाजूला उभा असतो, हे त्याला आठवलं असावं. तो घामेजला. मग एका दमात म्हणाला, पुढच्या वर्षी या रविवारी कुणी कामावर यायचं नाही. झीनानं नाही, नानुलीनं नाही. तो तसं लिहून देईल. आजचा दिवस मात्र कुठंही लिहायचा नाही.

अशी मला आमच्या ईस्टरची सुटी मिळाली. देवाच्या नावानं तीन वर्षं मागितली तेव्हा मिळाली नाही. ओव्हरटाइमच्या नावानं पास्का संपायच्या आत मिळाली.

"पण पुढच्या वर्षी मला यायचंय," आजी म्हणाल्या.

"आई, या दोघींना सुटी आहे तेव्हा."

"ऐकलं मी."

"मग तुला आणणार कोण?"

आजी लाकडी अंडं रुमालाला पुसत होत्या. "तू," त्या म्हणाल्या. "तू घरचाच आहेस ना."

*

तह उन्हाळ्याच्या आत मोडला. शनिवार-रविवार आता रेन्झो स्वतः आईजवळ बसतो. सोमवारी सकाळी मी आत येते तेव्हा तो कोचावर बूट घालूनच झोपलेला असतो. बसून बसून माणूस इतका कसा दमतो, याचं त्याला आश्चर्य वाटतं. लोरेदाना रविवारी मास्तरांना समुद्रावर नेते आणि तिथं मास्तर पाट्यांवरच्या चुका काढतात.

पुढच्या ईस्टरला मी रांगेत उभी होते. हात रिकामे, पायाशी टोपली. मागून ओळखीचा आवाज आला.

"झीना, या खुर्चीची अडकण कुठे असते?"

"डावीकडे, साहेब."

"ये ना जरा. लाव ना."

मी वळले नाही. "आज मी नाही," मी म्हटलं. "सोबत म्हणून उभी आहे फक्त."

खुर्चीतून आजी म्हणाल्या, "रेन्झो, सरळ ढकल. खड्डा दिसत नाही का तुला?" आणि त्यांच्या मागून, काठी टेकत, स्वतःच्या पायांनी आलेले मास्तर म्हणाले की खड्डा नाही, फरशी उचकटलीय, शब्द नीट वापरा.

पाद्रीची बादली जवळ येत होती. मी तोंड वर केलं.

*

ज्या वर्षी कुणीच पडलं नव्हतं, त्या तिसऱ्या वर्षी मोज्यातली न वापरलेली सालं मी मे महिन्यात ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली.